खुर्च्या कालच पोचल्या

घरात तिला सगळे बारकी म्हणत. आता ती घरातली सगळ्यात उंच व्यक्ती होती, माळ्यावरचा डबा काढायचा झाला की तिलाच हाक जायची, तरी नाव आपलं बारकीच. कॉलेज अर्ध्यात सुटलं, मग एका दुकानात लागली तेही सुटलं, आणि त्यानंतर बारकी घरात बसली ती बसलीच. पहिल्या पहिल्यांदा लोक विचारायचे, "सध्या काय चाललंय?" पुढे ते विचारेनासे झाले आणि तेच तिला जास्त लागायचं.

तिच्या बाबांचं सलून होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि बोलण्याची हौस, एवढ्या भांडवलावर त्यांनी संसार केला होता. सलूनमध्ये बसलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. गळ्याला कापड, गालाला फेस आणि वस्तरा समोरच्याच्या हातात. त्याला बाबा सांगतील ते निमूट ऐकावं लागतं आणि नको म्हणून मानही हलवता येत नाही. अख्ख्या गल्लीची खबर तिथून निघायची आणि तिथेच परत यायची. फक्त बारकीचा विषय निघाला की बाबांची गाडी अडायची. "ती तयारी करतेय," एवढंच म्हणायचे आणि लगेच समोरच्याची मान खाली वाकवून मागचे केस कापायला घ्यायचे. कसली तयारी, ते त्यांना माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

मग बारकी सराव कंपनीत जायला लागली.

हे सराव कंपनी प्रकरण जरा समजावून सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा थट्टाच वाटते. शिक्षण सुटलेल्या आणि नोकरी नसलेल्या पोरांना कामाची सवय लागावी म्हणून एका संस्थेने हे ऑफिस काढलं होतं. टेबलं खरी, फोन खरा, शिक्के खरे, वेळेवर यायची सक्तीही खरी. विकायच्या मात्र खुर्च्या, आणि त्या अस्तित्वातच नव्हत्या. दुसऱ्या गावांत अशाच आणखी सराव कंपन्या होत्या. एक नसलेल्या चादरी विकायची, एक नसलेले पंखे. सगळ्या एकमेकींकडून माल मागवायच्या, घासाघीस करायच्या, उशीर झाला म्हणून भांडायच्या, आणि संध्याकाळी कोणाकडे एक सुतळीसुद्धा पोचलेली नसायची.

ऑफिसात एकच शब्द बोलायला बंदी होती. तो म्हणजे 'खोटं'. जो तो शब्द उच्चारेल त्याने त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. हा नियम ऑफिस चालवणाऱ्या मॅडमचा. मॅडमनी उमेदीची वर्षं एका मोठ्या दुकानात कपाटं विकण्यात घालवली होती आणि ज्याच्या घरात कपाट ठेवायला भिंत नाही त्यालाही विकली होती, असं त्या स्वतःच सांगायच्या. "गिऱ्हाईक तुमचं गोदाम बघत नाही," त्या म्हणायच्या, "तुमचा आवाज ऐकतं. आवाज खरा ठेवा."

गोदाम सांभाळायला एक मुलगा होता. त्याला सगळे गोदामवाला म्हणायचे. त्याचं गोदाम म्हणजे खिडकीजवळचं रिकामं कपाट. पण त्याचा रुबाब असा, की विचारल्याशिवाय त्या कपाटाला कोणी हात लावायचा नाही. खुर्च्या 'रवाना' झाल्या की दुसऱ्या दिवशी तो ऑर्डरच्या कागदावर 'माल पोचला' असा शिक्का मारायचा. इतका जोरात मारायचा की शेजारच्या खोलीतले लोक दचकायचे.

बारकीला तिथे फार आवडलं. पहिल्यांदा फोनवर तिची बोबडी वळायची, पण महिन्याभरात ती पंखेवाल्यांशी असं भांडायला लागली की मॅडम चष्मा वर करून बघत राहिल्या. सकाळी उठायला कारण मिळालं होतं. कोणीतरी वाट बघत होतं, उशीर झाला तर विचारत होतं.

चूक झाली ती घरी. पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?" आणि ती म्हणाली, "खुर्च्यांच्या कंपनीत. विक्री विभागात." पुढचं वाक्यही तिच्या तोंडात तयार होतं. पण बाबांचा चेहरा असा उजळला की ते वाक्य तिने गिळलं. उद्या सांगू, असं मनात म्हणाली. उद्या झालं तेव्हा अर्ध्या गल्लीला बातमी कळली होती, आणि परवापर्यंत उरलेल्या अर्ध्या गल्लीचेही केस कापून झाले होते. बारकीने घरी आणलेलं व्हिजिटिंग कार्ड बाबांनी सलूनच्या आरशाच्या चौकटीत खोचलं. कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात 'सराव कंपनी' असं छापलेलं होतं, पण ती ओळ नेमकी चौकटीत गेली. आता बोलायचं कोणत्या तोंडाने?

अशातच एक दिवस फोन आला. भारदस्त आवाज, दर वाक्याला एक दमदार थांबा.

"मला खुर्च्या हव्यात. हॉलभर. रविवारी उद्घाटन आहे."

"जरूर साहेब," बारकी म्हणाली. "कोणत्या कामासाठी?"

"बँडसाठी. माझी माणसं आजवर उभी राहून वाजवत आली. आता सरावाला स्वतःची जागा घेतलीय. म्हटलं, बसू देत बिचारी."

बारकीला वाटलं, वा, ही कोणती कंपनी? एवढं रंगवून तर चादरीवालेही बोलत नाहीत. तिने सगळं नीट विचारून घेतलं, पत्ता घेतला, गुरुवारची तारीख दिली आणि फोन ठेवून मॅडमना म्हणाली, "नवीन लोक आलेत. फार छान करतात." गोदामवाल्याने माल रवाना केला आणि गुरुवारी शिक्का मारला. तो जरा जास्तच जोरात बसला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा तोच आवाज. "अहो, खुर्च्या कुठे आहेत?"

"पोचल्या ना साहेब. कालच पोचल्या."

"कुठे पोचल्या?"

"तुमच्याकडे."

"मी हॉलमध्ये उभा आहे," आवाज म्हणाला. "माझी माणसंही उभी आहेत. कोणी बसलेलं मला तरी दिसत नाही."

बारकीच्या अंगात उत्साह संचारला. तक्रारीचा फोन. मॅडमनी याच आठवड्यात शिकवलं होतं, गिऱ्हाईक चिडलं तरी आपण शांत राहायचं. "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे," ती मधाळपणे म्हणाली, "पण आमच्या कागदावर माल पोचल्याचा शिक्का आहे."

पलीकडे कोणीतरी ट्रम्पेटमधून एक लांब, कंटाळलेला सूर काढला. मग तो आवाज एकदम घरगुती झाला. "पोरी, मी बँडमास्तर. तुझ्या बाबांचं जुनं गिऱ्हाईक. सलूनच्या आरशातलं तुझं कार्ड बघून फोन केला. तो म्हणाला, ओळख सांगू नको, बघू दे माझी मुलगी काम कसं करते. म्हणून बोललो नाही. पण आता सांग बाई, खुर्च्या खरंच आहेत कुठे?"

बारकीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने बाबांच्या मित्राला, खऱ्या माणसाला, खऱ्या हॉलसाठी, कपाटातली हवा विकली होती. "मास्तर, मी दुपारी फोन करते," एवढं कसंबसं बोलून तिने फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, ते खोटे नव्हते."

कोणालाही कपांची आठवण झाली नाही. गोदामवाला धावत कपाटाकडे गेला, दार उघडून आत बघितलं आणि बंद केलं. सवयच ती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आता मी फोन करून त्यांची माफी मागितली तर पाच मिनिटांत प्रकरण मिटेल," त्या म्हणाल्या. "संस्थेची चूक म्हणून सांगेन. तुझं नावही येणार नाही. करू?"

बारकीला हो म्हणावंसं फार वाटलं. पण माफीवर कोणाला बसता येत नाही. रविवारी हॉलमध्ये गल्लीतली माणसं जमणार, मास्तरांची माणसं उभी राहून वाजवणार, आणि कोणीतरी विचारणार, खुर्च्या कोणी देणार होतं हो? बाबा तिथेच असणार. नवा शर्ट घालून.

"नको," ती म्हणाली. "ऑर्डर मी घेतलीय. खुर्च्या मीच बघते."

मॅडमनी फोन तिच्याकडे सरकवला. बारकीने खऱ्या खुर्च्यावाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. रविवार म्हटलं की समोरचा हसायचा. कोणी म्हणालं पुढच्या महिन्यात या, कोणी म्हणालं चेष्टा करताय का. फोन करून करून तिच्या नाकी नऊ आले. शेवटी शहराच्या टोकाला असलेल्या एका छोट्या कारखान्यातली बाई फोनवर म्हणाली, "आहेत तशा. पण बघूनच जा. बघितल्यावर कोणी घेत नाही."

बारकी आणि गोदामवाला बस पकडून गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. आत करवतीचा आवाज, भुशाचा वास. मालकीणबाईंच्या कानावर पेन्सिल होती आणि केसांत भुसा. त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली खुर्च्या होत्या, मजबूत, गुळगुळीत, वही ठेवायला हाताशी फळी लावलेल्या. गोदामवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या खुर्च्या एका जागी बघितल्या. त्याने एकीला हळूच हात लावून पाहिला.

"एका क्लाससाठी केल्या होत्या," मालकीणबाई म्हणाल्या. "नकाशा उलटा धरला माझ्या माणसाने. सगळ्या फळ्या डाव्या बाजूला बसवल्या. आता डावखुऱ्यांचा क्लास कुठून आणू? पडून आहेत. तू कुठल्या कंपनीची म्हणालीस?"

इथे बारकीला थाप मारता आली असती. फोनवर ती रोज मारतच होती. पण समोर खऱ्या खुर्च्या होत्या आणि खरी बाई होती. तिने सगळं सांगून टाकलं. कपाट, शिक्का, बँडमास्तर, सगळं. मालकीणबाई आधी ऐकत होत्या, मग खुर्चीवर बसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली होती.

बारकी मात्र त्या फळ्यांकडे बघत होती. तिने तिथूनच मास्तरांना फोन लावला. आधी खरं काय ते सांगितलं, एका दमात, कारण दम घेतला असता तर हिंमत गेली असती.

"म्हणजे शिक्का मारलात तो कशावर?" मास्तरांनी विचारलं.

"कागदावर."

"आणि माझी माणसं कशावर बसणार? कागदावर?"

"मास्तर, तेच विचारायचंय. तुमची माणसं कोणत्या हाताने वाजवतात?"

"हा काय प्रश्न झाला? ट्रम्पेटची बटणं उजव्या हाताने दाबतात. ट्रॉम्बोनची नळी उजव्या हाताने पुढे-मागे करतात. तिथे कोणाचा कोपर आड आलेला चालत नाही."

"आणि डाव्या बाजूला एक फळी असली तर? सुरांचे कागद ठेवायला?"

"आमचे कागद आजवर पुढच्याच्या पाठीला टाचणीने लावलेले असायचे," मास्तर हळूच म्हणाले. "पुढचा हलला की सूर गेला. फळी किती रुंद आहे?"

मालकीणबाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि फळी मोजायला घेतली.

शनिवारी टेम्पो हॉलच्या दाराशी लागला. व्यवहार मास्तर आणि मालकीणबाई यांच्यात परस्पर झाला. गोदामवाल्याने एकेक खुर्ची स्वतः उतरवली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि शेवटची खुर्ची ठेवल्यावर खिशातून शिक्का काढून पावतीवर मारला. माल पोचला. या वेळी त्याने तो अगदी हळुवार मारला.

रविवारी बँड बसून वाजला. बाबा नव्या शर्टात पहिल्या रांगेत होते आणि दर गाण्यानंतर शेजारच्याला सांगत होते, "खुर्च्या माझ्या मुलीच्या." मास्तरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्याकडून तुझ्या बाबाला काही कळणार नाही. माझी मिशी त्याच्या हातात आहे." मालकीणबाईही आल्या होत्या. त्यांनी बारकीच्या हाताला धरून विचारलं, "माझ्याकडे विकायला कोणी नाही. मी खुर्च्या करते आणि झाकून ठेवते. येशील का पुढच्या आठवड्यापासून?"

बारकी हो म्हणाली. घरी जाताना गोदामवाला म्हणाला, "सुटलीस. आता सांगायचीसुद्धा गरज नाही. कंपनी बदलली म्हण, विषय संपला."

खरंच संपला होता. सोमवारी संध्याकाळी सलूनकडे जाताना तिने तेच वाक्य घोळवलं. बाबा, मी कंपनी बदलली. छोटंसं, सरळ, आणि त्यात काही खोटंही नाही.

सलूनमध्ये शिंपीकाका बसले होते, गळ्यापर्यंत कापड आणि अर्ध्या चेहऱ्याला फेस. त्यांचा मुलगा परीक्षेत नापास झाला होता आणि तेव्हापासून खोलीतून बाहेर पडत नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

"ये, ये," बाबा म्हणाले. "तुझाच विषय चाललाय. मी यांना म्हटलं, पोराला पाठव माझ्या बारकीच्या कंपनीत. ती लावून देईल. लावशील ना?"

"होईल का गं?" शिंपीकाका आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले. "तो आता कोणाशी बोलतच नाही. नोकरी तरी कोण देणार त्याला?"

बारकीला त्या आरशात काकांचा चेहरा दिसला. असाच चेहरा करून बाबा 'तयारी करतेय' म्हणायचे. घोळवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते बोलली असती तर ती सुटली असती, पण तो मुलगा खोलीतच राहिला असता.

"काका, मी कुठेच नोकरीला नव्हते," ती म्हणाली. "ती कंपनी खरी नाही. आमच्याकडे खुर्च्याच नाहीत, रिकामं कपाट आहे. आम्ही फोनवर विकल्यासारखं करतो. शिकवतात तिथे, आमच्यासारख्यांना. पण पाठवा त्याला. तिथे कोणी त्याला काय करतोस म्हणून विचारणार नाही, रोज काम देतील. पहिले काही दिवस मीही काही बोलले नव्हते. मी स्वतः घेऊन जाते त्याला."

बाबांचा वस्तरा हवेत थांबला. शिंपीकाकांनी श्वास रोखून धरला, कारण तो वस्तरा त्यांच्याच गालासमोर होता.

"आणि मास्तरच्या खुर्च्या?" बाबांनी विचारलं.

"त्या खऱ्या. त्या शोधून आणल्या. जिथून आणल्या तिथे मला नोकरी मिळालीय. ती पण खरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश झाला होतात."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. टॉवेलने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "त्या कंपनीमुळे मी खूश होतो असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "मला कुठे खुर्च्यांतलं कळतंय. तू सकाळी उठून केस विंचरायला लागली होतीस. मी केसांतला माणूस आहे, बारके. दोन वर्षं बघत होतो त्या केसांकडे. एकदाही कंगवा उचलला नव्हतास. मी बोलू शकत नव्हतो."

बारकीला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही. शिंपीकाकांनी फेसासकट नाक ओढलं.

"पण तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलंत ना, बाबा," ती म्हणाली. "आता सगळ्यांना काय सांगणार?"

बाबांनी वस्तरा उचलला, काकांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उरलेल्या गालाकडे वळले.

"खरं सांगेन, पहिल्यापासून," ते म्हणाले. "लोकांचे केस काय, वाढतच असतात."